नॅनो झिंक ऑक्साईडची बाटली उघडायच्या आधी हे वाचा (विशेषतः पीबीएस, म्हणजे फॉस्फेट असलेलं मिठाचं पाणी, हातात घेतलं असेल तर)

अँटिबायोटिकबरोबर तपासायला आम्ही झिंक ऑक्साईडचे नॅनो कण पाण्यात करून लॅबना विकतो. फोन उचलला की पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं, "सर, तुमचं नॅनो काम करत नाहीये." जानेवारी ते मार्च, एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या सीझनला तर दिवसातनं तीन-चार वेळा. मी विचारतो, डायल्यूट कशात केलं? पलीकडे जरा शांतता आणि मग, "पीबीएसमध्ये, नेहमीसारखं." संपलं, तिथंच कळतं काय झालंय ते. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हा कागद, आता प्रत्येक बाटलीबरोबर टाकतोय.

तुम्हाला एमआयसी (वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण) काय, चेकरबोर्ड (दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र तपासायची प्लेट) काय हे माहीत आहे असं धरून चालतो. कल्पना साधी आहे, नवीन अँटिबायोटिक शोधायला वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागतात, तेव्हा जुन्याच अँटिबायोटिकला कोणीतरी हात द्यायला हवा. आणि गरज किती आहे तर 2019 या एका वर्षात जगात साधारण 12.7 लाख माणसं थेट रेझिस्टंट इन्फेक्शनने गेली. झिंक ऑक्साईडचे बारीक कण बॅक्टेरियाच्या भिंतीला चिकटतात, थोडं झिंक आयन सोडतात, ऑक्सिजनचे ते त्रासदायक रेणू तयार करतात, मेम्ब्रेन ढिलं पडतं, आणि जे औषध आत शिरत नव्हतं किंवा शिरलं तरी पंपाने बाहेर फेकलं जात होतं ते आत टिकायला लागतं. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा. आमचा कण 30 ते 40 नॅनोमीटरचा, स्टॅफ (स्टॅफिलोकोकस बॅक्टेरिया) साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे एका स्टॅफच्या रुंदीत आमचे पंचवीस-तीस कण रांगेत उभे राहतील. हे सगळं फक्त कण सुटे सुटे असतील तरच. आणि नेमकं तेच तुम्ही बिघडवताय.

मागच्या वर्षी एका कॉलेजमधून बाटली परत आली, सोबत पत्र, "माल खराब, पैसे परत करा." मी दोन काचेच्या ट्यूब घेतल्या, त्याच परत आलेल्या बाटलीतला माल सोनिकेट करून (आवाजाच्या लहरींनी गोळे फोडून) दोन्हीत सारखाच टाकला, एकीत ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत पीबीएस, आणि टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलो. परत आलो तर पाण्यातली ट्यूब पातळ दुधासारखी एकसारखी पांढरी, आणि पीबीएसची? दूध नासतं ना, तसे कापसासारखे पुंजके, तळाला साका आणि वर निवळ पाणी. फोटो काढून पाठवला आणि फोन केला. त्या मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो पण आम्ही तर कायम पीबीएसच वापरतो." हो, बॅक्टेरियासाठी वापरता, बरोबरच आहे, तिथं सवय चांगली आहे. इथं मात्र तीच सवय नडते.

का, ते एकदा समजून घ्या म्हणजे परत चुकणार नाही. झिंक ऑक्साईडचा कण साध्या पाण्यात, साधारण सातच्या पीएचला, पॉझिटिव्ह चार्जचा असतो (त्याचा चार्ज शून्य होतो तो पीएच नऊच्या वर), सगळे सारख्याच चार्जचे असल्यामुळे एकमेकांना ढकलत लांब राहतात. मीठ टाकलं की क्लोराईडचे आयन कणाभोवती गर्दी करतात, चार्ज झाकला जातो, ढकलाढकली संपते आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. साध्या सलाइनमध्ये एवढंच होतं, तेही वाईटच. पीबीएसमध्ये वरून फॉस्फेट असतं, ते सुटलेल्या झिंकला पकडून झिंक फॉस्फेट बनवतं जे पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणजे बॅक्टेरियावर तुम्ही नॅनो टाकलंच नाही, पांढरी माती टाकली, आणि मातीने अँटिबायोटिकला काय मदत होणार? मग तीन आठवडे चेकरबोर्ड परत परत लावायचा, गाईडचा ओरडा खायचा आणि शेवटी आम्हाला फोन.

तेव्हा असं करा. बाटली आधी हाताने जोरात हलवा, मग बाथ सोनिकेटरमध्ये 15 ते 20 मिनिटं, बाथचं पाणी गरम होतंय असं वाटलं की थोडा बर्फ टाका. सोनिकेटर नसेल तर फिजिक्स किंवा केमिस्ट्री डिपार्टमेंटला विचारा, कुठेतरी एक धूळ खात पडलेला असतोच. तालुक्याच्या गावातल्या एका पोराने तर सोनाराच्या दुकानातल्या दागिने धुवायच्या मशिनमध्ये घट्ट झाकणाची ट्यूब धरून काम भागवलं, डोकं लागतं ते असं. नुसतं व्हॉर्टेक्स (ट्यूब गरगर हलवायचं यंत्र) पुरत नाही हो, व्हॉर्टेक्सने साका वर येतो पण गोळे फुटत नाहीत.

सगळी डायल्युशन ऑटोक्लेव्ह केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच. मग लगेच विचारतात, पाण्यात केलं तर म्युलर हिंटन ब्रॉथ (बॅक्टेरिया वाढवायचं द्रव खाद्य) पातळ होईल की! होऊ नये म्हणून ब्रॉथ डबल स्ट्रेंग्थ बनवायचा. 96 वेलच्या (खड्ड्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलला 50 मायक्रोलिटर अँटिबायोटिक (शेवटी हवं त्याच्या चौपट), 50 मायक्रोलिटर नॅनो (तेही चौपट), आणि डबल स्ट्रेंग्थ ब्रॉथमध्ये केलेलं कल्चर 100 मायक्रोलिटर. एकूण 200, ब्रॉथ बरोबर सिंगल झाला. कल्चर 0.5 मॅकफारलंडवरून (गढूळपणाचं ठरलेलं माप) असं खाली आणा की वेलमध्ये शेवटी मिलिलिटरला 5 लाखाच्या आसपास सीएफयू (जिवंत बॅक्टेरिया) राहतील. नॅनो भरताना दर कॉलमला टिप दोन-तीन वेळा वर-खाली करा, नाहीतर पहिल्या कॉलमला घट्ट आणि शेवटच्याला पाणी असा प्रकार होतो. ब्रॉथमध्येही मीठ आणि प्रोटीन असतंच, तिथं कण थोडे चिकटणारच, ते कोणालाच टाळता येत नाही, पण आधीच गोळे झालेलं टाकणं वेगळं आणि शेवटच्या क्षणी टाकणं वेगळं. म्हणून मिसळलं की प्लेट लगेच इन्क्युबेटरला, जेवून येतो मग लावतो असं नको.

0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून "स्टराईल" करू नका, गोळे तिथेच अडकतात, सुट्या कणांतलेही बरेच मेम्ब्रेनला चिकटून बसतात आणि खाली जवळजवळ पाणीच येतं. ऑटोक्लेव्हही नको. आम्ही पावडर 160 डिग्रीला दोन तास ड्राय हीट देऊन मग स्टराईल पाण्यात करतो, तुम्हाला परत काही करायचं नाहीये. आणि फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फ होताना कण एकमेकांवर दाबले जातात, वितळल्यावर ते परत सुटे होत नाहीत.

आता साक्याबद्दल, कारण दुसरी तक्रार तीच. "अमक्या कंपनीची बाटली महिनाभर दुधासारखी राहते, तुमची आठवड्यात खाली बसते." बसते, मान्य. कारण आम्ही पीव्हीपी किंवा दुसरं कोणतंही कॅपिंग (कणावरचं आवरण) घालत नाही. घातलं तर बाटली शेल्फवर छान दिसते, पण मग तुमच्या प्लेटमध्ये जे झालं ते झिंक ऑक्साईडने झालं की कॅपिंगने, हे तुम्ही व्हायव्हाला कसं सांगणार? वर कॅपिंगचा थर कणाच्या आणि बॅक्टेरियाच्या मध्ये येतो तो वेगळाच. ज्यांना कोटिंग किंवा कापडाच्या कामासाठी हवंय त्यांनी कॅप केलेलं जरूर घ्यावं, आम्हीही ऑर्डरवर करून देतो, पण अँटिबायोटिकच्या कामाला उघडा कणच बरा असं माझं स्पष्ट मत आहे. हलवून सोनिकेट केल्यावर परत एकसारखं होतंय ना, मग माल चांगला आहे. वरचं निवळ पाणी पिपेटने उचलून प्रयोग करणारेही भेटलेत, त्यावर काय बोलणार.

वाचताना होणारा घोळ. नॅनो स्वतःच गढूळ असतं, त्यामुळे प्लेट रीडरमध्ये 600 नॅनोमीटरला ओडी (गढूळपणा) लावलात तर बॅक्टेरिया मेलेले असले तरी वाढ दिसते. कितीतरी "निगेटिव्ह रिझल्ट" असेच जन्माला आलेत. रेझाझुरिन (रंग बदलणारं द्रव्य) टाका, निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे, आणि बॅक्टेरियाशिवाय नुसतं नॅनो अधिक ब्रॉथचं एक वेल ठेवाच. प्लेट अंधारात ठेवा, झिंक ऑक्साईड उजेडात जास्त चळवळ करतं. खात्री हवी असेल तर वेलमधला 10 मायक्रोलिटरचा थेंब आगरवर टाका आणि सकाळी बघा, त्यापुढे कोणी वाद घालत नाही. डिस्क डिफ्यूजनने (आगरवर चकती ठेवून भोवतीचा वाढ नसलेला झोन मोजून) तुलना करत असाल तर लक्षात असू द्या, कण आगरमधून अँटिबायोटिकसारखे पसरत नाहीत, झोन लहान आला म्हणजे असर नाही असं होत नाही.

कंट्रोलमध्ये सगळे एक गोष्ट विसरतात, झिंकचं मीठ. असर कणाचा की नुसत्या सुटलेल्या झिंकचा? 1 मिलिग्रॅम झिंक ऑक्साईडमध्ये जेवढं झिंक तेवढ्यासाठी 3.53 मिलिग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट लागतं, तेवढं घेऊन एक वेगळी रांग लावा. आम्ही 50 मिलीच्या बाटलीबरोबर त्याची छोटी कुपी फुकट देतो, बहुतेक जण ती ड्रॉवरमध्ये टाकून देतात आणि पेपर पाठवल्यावर रिव्ह्यूअरने विचारलं की शोधत बसतात.

अँटिबायोटिक कोणतं घ्यावं हे गाईड ठरवतील, पण दोन गोष्टी सांगून ठेवतो. 2010 मध्ये तेहरानच्या एका ग्रुपने झिंक ऑक्साईडबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिनचा झोन स्टॅफ आणि ई. कोलाय दोन्हीवर वाढतो असं दाखवलं, तेव्हापासून सगळेच सिप्रो घेतात. ठीक आहे, पण मेडिकलवाला सिप्रोची गोळी देताना झिंकच्या किंवा अँटासिडच्या गोळीबरोबर घेऊ नका म्हणतो ना, ते उगाच नाही, सिप्रो धातूच्या आयनला पकडतं, टेट्रासायक्लिनही. म्हणजे सुटलेलं झिंक जास्त झालं तर मदत व्हायच्या ऐवजी औषधच अडकू शकतं. दुसरं, मेरोपेनेम घेऊन एनडीएम (मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) असलेल्या स्ट्रेनवर करायचं असेल तर थांबा, एनडीएम हे एन्झाइमच झिंकवर चालतं, तिथं झिंक वाढवणं म्हणजे चोराच्या हातात किल्ली देण्यासारखं होऊ शकतं. असा रिझल्ट आला तर आमच्यावर राग काढू नका, तो खरा रिझल्ट आहे, छापा.

एफआयसीचा (एकत्रातली एमआयसी भागिले एकट्याची, दोन्हींची बेरीज) हिशोबही प्रामाणिक ठेवा. समजा सिप्रोची एकट्याची एमआयसी 1 होती ती 0.25 वर आली, नॅनोची 512 वरून 128 वर, तर 0.25 अधिक 0.25, बेरीज 0.5, म्हणजे कशीबशी सिनर्जी (एकमेकांना जोर). 0.5 च्या वर ते 4 पर्यंत गेलं तर "इंटरॅक्शन नाही" लिहायचं, "पार्शियल सिनर्जी" म्हणून गोड करायचं नाही. एमआयसी एका वेलने इकडे-तिकडे होतेच, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीनदा लावा, एका दिवसात तीन प्लेटा लावून "ट्रिप्लिकेट" म्हणू नका.

एक वेगळाच फोन येतो, अधूनमधून. वडिलांच्या पायाला शुगरची जखम आहे, बरी होत नाही, तुमचं ते नॅनो लावलं तर चालेल का? किंवा गाईच्या कासेला दगडी झालीय, औषधात मिसळू का? नाही. हा लॅबचा माल आहे, औषध नाही, आम्ही विकणारही नाही आणि विकत घेतलेल्या कोणी दिलं तर घेऊ नका, डॉक्टरकडे किंवा जनावराच्या डॉक्टरकडे जा. झिंक म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका, युरोपियन युनियनमध्ये डुकरांच्या पिल्लांना हगवण लागू नये म्हणून खाद्यातून भरपूर झिंक ऑक्साईड देत होते, ते जून 2022 पासून बंद केलं, कारण जमिनीत झिंक साचत होतं आणि झिंक सोसणाऱ्या बॅक्टेरियांबरोबर अँटिबायोटिक सोसणारेही वाढत होते. एमआरएसएच्या (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफच्या) काही जातींत झिंकला दाद न देणारा जीन मेथिसिलिन रेझिस्टन्सच्या जीनशेजारीच बसलेला असतो. तेव्हा उरलेला माल बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि केमिकल वेस्टबरोबर द्या.

प्रत्येक बॅचचा डीएलएस (पाण्यातल्या कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाने मोजलेला आकार) आणि टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) रिपोर्ट बाटलीबरोबर येतो, त्यात डीएलएसचा आकडा टीईएमपेक्षा मोठा दिसेल, घाबरून फोन करू नका, डीएलएस कणाभोवतीचं पाणी आणि जोडीने फिरणारे कण पण मोजतं. बाटलीवर तारीख आहे, त्यापासून सहा आठवडे. दुसऱ्यांचा माल वर्षभर चालतो म्हणतात, चालत असेल, आम्ही सहा आठवड्यांच्या पुढची जबाबदारी घेत नाही. म्हणून मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊन ठेवू नका, 10 मिलीच्या तीन घ्या, लागेल तशा मागवा. बॅच दर सोमवारी करतो, ऑर्डर शुक्रवारपर्यंत द्या. मार्चमध्ये मात्र पंधरा दिवस आधी कळवा, कारण तेव्हा सगळ्यांचं सबमिशन एकाच आठवड्यात असतं आणि आमचा सोनिकेटर एकच आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर बाटलीबरोबर दोन रिकाम्या काचेच्या ट्यूब पण टाकतो, एकीत पाणी आणि एकीत पीबीएस घालून आपल्या डोळ्यांनी बघा, मग फोन करा.