हिमालयावरची हवा आणि बाटलीतला ढग

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो मेसेज फिरतोय, हिमालयातली हवा १०० टक्के शुद्ध, नुसता श्वास घेतला तरी नाड्या मोकळ्या होतात वगैरे. नाड्यांचं राहू दे, हवेचं सांगतो. पावसाळ्यात हिमालयाच्या बऱ्याच वर, साधारण १३ ते १८ किमीवर, बारीक कणांचा एक अख्खा थर असतो. २०११ साली कॅलिप्सो उपग्रहाच्या डेटातून तो उजेडात आला आणि २०१७ च्या पावसाळ्यात काठमांडूहून जिओफिजिका नावाचं रशियन विमान उडवून शास्त्रज्ञांनी ते थेट त्यातच घुसवलं.

आता हे कण मोजायचे कसे? विमानातलं एक यंत्र पार ६ नॅनोमीटरइतके बारीक कणही मोजत होतं. आपला केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड! लेझर मारून दिसतील म्हणाल तर तेही नाही, कारण एवढ्या बारीक कणाचा व्यास दहापट कमी झाला की तो प्रकाश दहा लाखपट कमी विखुरतो. मग युक्ती काय, तर कणाला आधी जाडजूड करायचं.

घरी करून बघा. प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी घ्या, झाकण लावून हलवा, दाबा, सोडा. फारसं काही होत नाही. आता विझवलेल्या काडीचा धूर आत सोडा आणि परत दाबून सोडा, आत चक्क ढग! वाफ आधीही होती, तिला बसायला पाट नव्हता. स्कॉटलंडच्या जॉन एटकनने १८८० च्या दशकात याच तत्त्वावर धूळ मोजायचं यंत्र केलं होतं.

विमानातही तेच, फक्त पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवाची वाफ. ती कणांवर चढते, त्यांचे थेंब होतात, थेंब लेझरसमोरून जातात आणि एकेक मोजले जातात. कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वाकडा, त्यामुळे वर बसलेले रेणू पटकन उडून जातात आणि वाफ संपृक्ततेच्या (म्हणजे हवेत एरवी मावते त्या मर्यादेच्या) आणखी पुढे न्यावी लागते (हे वाक्य दोनदा वाचावं लागलं तरी हरकत नाही, मलाही लागलं होतं). शिवाय तीच हवा २५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या नळीतूनही नेतात, जे कण उडून गेले ते बाष्पशील, उरले ते काजळी-धुळीसारखे टणक.

आणि थरात निघालं काय? इतर गोष्टींबरोबर चक्क अमोनियम नायट्रेट. त्यातला अमोनिया बराचसा खालच्या शेतातल्या युरियाचा आणि गोठ्यातल्या मुताचा. खरं तर हा वायू पाण्यात चटकन विरघळतो, पावसाबरोबर खाली यायला हवा, पण थेंब गोठताना त्यातला थोडा परत सुटत असावा असं म्हणतात.