महिलांची टाइम ट्रायल: किलोमीटरसाठी झालेली झटापट

सायकलिंगमधल्या टाइम ट्रायलचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो. स्पर्धक ठरावीक अंतराने एकेकटी सुटते, वाटेत कुणाच्याही आडोशाने वारा चुकवायचा नाही आणि सर्वांत कमी वेळ जिचा, ती जिंकते. पुढची स्पर्धक गाठलीच, तर बाजूने किमान २ मीटर आणि मागेपुढे २५ मीटर अंतर राखावे लागते. महिलांसाठी ही शर्यत जागतिक अजिंक्यपदात १९९४ मध्ये आली, ऑलिम्पिकमध्ये १९९६ मध्ये. त्यानंतर खरा वाद राहिला तो अंतराचा: पुरुषांना जेवढा रस्ता, तेवढा महिलांना का नाही?

या प्रकाराचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. तिथे रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला सायकल संघटनेचीच मनाई होती. म्हणून १८९५ पासून पहाटे, एकामागून एक सुटून घड्याळाशी झुंजण्याची पद्धत रुजली. याच परंपरेतली यॉर्कशायरची बेरिल बर्टन. १९६७ मध्ये तिने बारा तासांच्या शर्यतीत २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर, अंतर कापले. त्याच शर्यतीत माइक मॅकनमाराने पुरुषांचा नवा विक्रम केला होता, २७६.५२ मैलांचा. बर्टन त्याच्याही पुढे गेली. त्याला मागे टाकताना तिने आपल्याजवळची खायची एक गोड गोळी त्याच्यापुढे धरली, आणि त्याने ती घेतली. महिलांमध्ये तिचा हा आकडा २०१७ पर्यंत टिकला. देशातल्या सर्वोत्तम महिला टाइम ट्रायलपटूचा वार्षिक मान तिने १९५९ पासून सलग २५ वर्षे सोडला नाही. तिची जागतिक विजेतेपदे मात्र ट्रॅकवरच्या परस्यूटची (दोघींनी समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग करायची शर्यत) आणि सर्वांनी एकत्र सुटायच्या रोड रेसची, कारण टाइम ट्रायलचे विजेतेपद तेव्हा अस्तित्वातच नव्हते. मे १९९६ मध्ये ती गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी अटलांटात महिलांची पहिली ऑलिम्पिक टाइम ट्रायल झाली.

जागतिक अजिंक्यपदात महिलांची रोड रेस १९५८ पासून होती. १९८७ पासून सांघिक टाइम ट्रायलही आली. १९९४ मध्ये सिसिलीत पहिली वैयक्तिक टाइम ट्रायल झाली आणि ती अमेरिकेच्या कॅरेन कुरेकने जिंकली. सांघिक प्रकार त्याच वर्षी थांबला. पुढची तिन्ही वर्षे विजेती एकच, फ्रान्सची झानी लोंगो. चौथे विजेतेपद तिने २००१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी मिळवले. या शर्यतीत वय आड येत नाही याचा आणखी एक दाखला म्हणजे अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग. बीजिंग आणि लंडन ऑलिम्पिकनंतर तिने रिओतही सुवर्ण जिंकले, तेही ४३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अवघ्या साडेपाच सेकंदांनी.

आता अंतराचे आकडे पाहा. अटलांटात महिलांना २६.१ किलोमीटर आणि पुरुषांना बरोबर दुप्पट, ५२.२. टोकियोत महिलांना २२.१ किलोमीटरची एक फेरी आणि पुरुषांना त्याच फेऱ्या दोन. अर्ध्या अंतराचा क्षमतेशी संबंध नव्हता. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगाँगला जागतिक अजिंक्यपदात दोघांना एकच रस्ता मिळाला, ३४.२ किलोमीटरचा. नेदरलँड्सच्या एलन व्हान डायकने तो ४४ मिनिटे २८ सेकंदांत कापला, तर पुरुषांचा विजेता टोबियास फॉसला ४० मिनिटे २ सेकंद लागले. पॅरिस ऑलिम्पिकमध्येही दोघांना ३२.४ किलोमीटरच होते. अंतर वाढल्यावर महिलांची शर्यत कोलमडेल, असे म्हणायला जागाच राहिली नाही.

सायकलच्या नियमांचीही हीच कथा. सपाट रस्त्यावर ताकदीचा मोठा हिस्सा हवा कापण्यात जातो आणि वेग वाढला की लागणारी ताकद जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून कोपर टेकवून हात पुढे ताणलेली बैठक, मागे आऱ्यांऐवजी भरीव तबकडीचे डिस्क चाक, पुढे खोल रिमचे चाक. अनेक वर्षे सीटचे टोक पॅडलच्या आसापासून किमान ५ सेंटिमीटर मागे असावे, असा दंडक होता. उंची कमी असली की या बैठकीत मांडी पोटावर आदळते, पॅडल वर येताना नितंबाचा सांधा आवळला जातो आणि ताकद घटते. सुटण्याआधी अधिकारी सायकल मापाच्या साच्यात घालून तपासतात. माप चुकले तर तिथेच पाना काढून दुरुस्ती करावी लागते. २०२३ पासून हात किती पुढे ताणता येतील याची मर्यादा उंचीनुसार तीन गटांत विभागली गेली. पहिला गट १८० सेंटिमीटरच्या खालच्यांचा. म्हणजे १५७ सेंटिमीटरची आणि १७९ सेंटिमीटरची स्पर्धक एकाच मापात. उंच पुरुषांची अडचण सुटली, बुटक्या महिलांची राहिली.

धोकाही याच बैठकीत दडलेला आहे. गिअरचे बटण पुढच्या दांड्यांच्या टोकाशी असते, पण ब्रेक बाजूच्या मुठींवर. वळण आले की आधी हात हलवायचे, मग ब्रेक. वळणाचा अंदाज क्षणभर चुकला तर उशीर झालाच. त्यात पुढच्या खोल चाकाला बाजूचा वारा ढकलतो, आणि ओल्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी केली नसेल तर पकड सुटते. २०२० च्या जागतिक अजिंक्यपदात, इटलीतल्या इमोलाला, अमेरिकेची गतविजेती क्लोई डायगर्ट आघाडीवर असताना एका वळणावर कठड्यावरून पलीकडे गेली आणि तिच्या डाव्या मांडीला खोल जखम झाली. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंगला तिने विजेतेपद परत मिळवले. पॅरिसच्या पावसात ती पुन्हा पडली, उठली आणि कांस्य घेऊन गेली. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस ब्राउनने ९१ सेकंदांच्या फरकाने सुवर्ण जिंकले आणि महिन्या-दोन महिन्यांत झुरिकमध्ये जागतिक विजेतेपदही.

२०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा आफ्रिकेत, रवांडाच्या किगालीला गेली. जवळपास १५०० मीटर उंची, चढच चढ आणि शेवटाकडे किमिहुरुराची दगडी फरसबंदी. विरळ हवेत वाऱ्याचा अडसर कमी होतो, पण प्राणवायूही कमी मिळतो, त्यामुळे पहिल्या चढावर जोर लावणाऱ्यांना नंतर दम भरायला जागा नसते. स्वित्झर्लंडची मार्लेन रॉइसर आधी दोनदा दुसरी आणि एकदा तिसरी आली होती, आणि २०२३ मध्ये तिने शर्यत अर्ध्यावर सोडली होती. किगालीत ती अखेर जिंकली. अंतर महिलांना ३१.२ किलोमीटर, पुरुषांना ४०.६.