बधिर बोटं आणि चेरीचं देठ

काडेपेटीतून काडी काढून पेटवायला किती वेळ लागतो? काही सेकंद. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातले रोलंड योहान्सन यांनी हेच काम बोटांच्या टोकांना भूल देऊन करायला लावलं. डोळे उघडे, स्नायू शाबूत. तरी काडी निसटत होती, भलतीकडे वळत होती आणि वेळ कितीतरी पट लागत होता.

ओला पेला उचलताना आपण तो निसटणार नाही इतपतच दाबतो. तो किंचित घसरला की त्वचेला ते कळतं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते. पेला घसरलाय हे आपल्या ध्यानात येण्याआधीच बोटांनी निस्तरलेलं असतं!

कृत्रिम हाताची अडचण नेमकी इथे आहे. त्याच्या मोटारीत जोर भरपूर, पण दाब किती पडतोय याची खबर माणसापर्यंत पोचत नाही. हॅप्टिक, म्हणजे स्पर्शाची जाणीव देणारं, तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला फोनची थरथर आठवते. खरं अवघड काम आहे ते ही खबर पोचवण्याचं.

२०१४ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी त्यात मोठी मजल मारली. सिल्वेस्त्रो मिचेरा यांच्या गटाने, फटाक्यांच्या अपघातात हात गमावलेल्या एका डॅनिश माणसाच्या दंडातल्या मज्जातंतूंमध्ये रोममध्ये इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत देणाऱ्या बारीक तारा, बसवले. डोळे बांधूनही त्याला वस्तू मऊ की कडक, हे कृत्रिम हाताने ओळखता येऊ लागलं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डस्टिन टायलर यांच्या गटाने इलेक्ट्रोड मज्जातंतूंभोवती गुंडाळले. एकसारखा विद्युतप्रवाह दिला की नुसत्या झिणझिण्या यायच्या. त्याची तीव्रता लयीत कमी-जास्त केली, तेव्हा कुठे खरा स्पर्श जाणवला. तोही कुठे, तर नसलेल्या बोटांवर! हात जातो, पण मेंदूतला त्याचा नकाशा वर्षानुवर्षं टिकून राहतो. चेरीचं देठ काढायचं, तेही डोळे बांधून, अशी एक परीक्षा होती. स्पर्श चालू असताना ते जमायचं, बंद केला की चेरीचा चेंदामेंदा. शिवाय नसलेल्या हाताचं दुखणंही कमी झालं. माझ्या मते चेरीपेक्षा हे मोलाचं.

आता याच्या उलट बाजूचा प्रश्न. रोबोच माणसाला हात लावणार असेल तर? जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत कॅथरीन कुखनबेकर आणि अलेक्सिस ब्लॉक यांनी मिठी मारणारा रोबो बनवला. ऐकून हसू येतं, पण काम गंभीर आहे. अंग मऊ हवं, उबदार हवं, हे ओघानेच आलं. खरी कसोटी मिठी सोडवण्याची. माणसाने हात सैल केले की रोबोने तत्क्षणी सोडायला हवं. त्याने उशीर केला, की तीच मिठी माणसाला नकोशी होते.