चिपळुणात पंधरा दिवस काम असेल तर
(आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि त्यांचं बुकिंग करणाऱ्या ऑफिससाठी)

लोट्याच्या कारखान्यात शटडाउनला आलेले इंजिनियर, अंजनवेलला ऑडिटसाठी जाणारे सीए, पोफळीच्या वीजघरात दुरुस्तीच्या कामावर आलेले तंत्रज्ञ, शाखा तपासायला आलेले बँकेचे अधिकारी. आमच्याकडे राहणारे बहुतेक असेच. सकाळी सातला बाहेर पडतात आणि रात्री आठला दमून परत येतात. त्यांना स्विमिंग पूल नको असतो. गरम पाणी, घरचं जेवण, कोरडे मोजे आणि रात्री लॅपटॉप उघडला की चालणारं इंटरनेट एवढं मिळालं की ते खूश.

आमचे सहा फ्लॅट आहेत, चार वन बीएचके आणि दोन टू बीएचके. प्रत्येकात स्वयंपाकघर, फ्रिज, गिझर, एसी, लिहायचं टेबल आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची आहे. खुर्चीचं मुद्दाम सांगतो, कारण पलंगावर बसून एक्सेल करणारे पाहुणे आम्ही फार पाहिले. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर आम्ही फ्लॅट देत नाही. एक-दोन रात्रींसाठी गावातलं लॉजच तुम्हाला स्वस्त पडेल.

गॅलरीतून परशुरामाचा डोंगर दिसतो. फोटोत दिसतो तसाच दिसतो, पण जुलैत निम्मे दिवस तो ढगातच असतो.

पुराबद्दल

फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून आधी तेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा काही ठिकाणी ते पहिल्या मजल्याला लागलं होतं. त्याआधी २००५ च्या जुलैतही मोठा पूर आला होता. गावातल्या जुन्या माणसांना विचारलंत तर ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील, हा पाचचा, हा एकवीसचा.

आमची इमारत स्टेशनच्या बाजूच्या चढावर आहे आणि त्या दोन्ही वेळा इथे पाणी आलं नाही. पाटबंधारे खात्याने नदीकाठाला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आम्ही लाल रेषेच्याही बाहेर आहोत. तुमच्या कंपनीच्या सेफ्टी विभागाला हवा असेल तर नकाशा दाखवू. पण आमच्याकडे पाणी आलं नाही, तरी रस्ते बंद झाले म्हणजे तुम्ही इथे अडकणार. तेवढ्यासाठी चार दिवसांचा शिधा, पिण्याचं पाणी आणि जनरेटरचं डिझेल जून ते सप्टेंबर भरलेलं असतं. अडकलेल्या दिवसांचं भाडं निम्मं लावतो.

कधी रात्री मांडणीवरची भांडी किणकिणली तर घाबरू नका. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या पट्ट्यात बारीक धक्के येतच असतात. आम्ही कूस बदलून झोपतो. तुम्हाला बाहेर यावंसं वाटलं तर मोकळी जागा पार्किंगच्या मागे आहे.

ओल

हा आमचा खरा शत्रू. पहिल्याच पावसाळ्यात एका पाहुण्यांनी मीटिंगसाठी आणलेला ब्लेझर कपाटात टांगला आणि आठ दिवसांनी काढला, तर कॉलरवर पांढरी बुरशी. मीटिंग अकराला होती. ब्रशने घासून, इस्त्री फिरवून ते गेले खरे, पण आम्हाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक कपाटात खालच्या बाजूला जाळीआड एक चाळीसचा बल्ब लावला आहे. कोकणातल्या जुन्या घरांतली ही युक्ती. बल्बच्या उबेने कपडे, बूट आणि फायली कोरड्या राहतात. त्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी आहे, तरी काटकसरी पाहुणे तो बंद करतातच. कृपया करू नका, बिल आम्ही भरतो.

गॅलरीत वाळत टाकलेले कपडे पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांना वास येतो. म्हणून तळमजल्यावर पंखे आणि ड्रायर लावलेली वाळवणीची खोली केली आहे. कपडे सकाळी आठच्या आत बादलीत ठेवलेत तर संध्याकाळी घडी करून मिळतात. मात्र प्लांटमध्ये घातलेला डांगरी किंवा बॉयलर सूट त्या बादलीत टाकू नका. लोट्याला बरेच कारखाने रसायनांचे आहेत, आणि एकाच्या कपड्यावरचं दुसऱ्याच्या बनियनला लागायला नको. त्यासाठी वेगळं मशीन आणि निळी बादली आहे. सेफ्टी शूज दाराबाहेरच्या मांडणीवर.

जेवण

स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडी, कुकर, तवा, कढई आणि चहाचं पातेलं आहे. चहा-साखर-दूध पहिल्या दिवसाचं आम्ही ठेवतो, पुढचं तुमचं. रोज कोण स्वयंपाक करणार? म्हणून बहुतेक जण डबा लावतात. शेजारच्या काकू तो देतात: पोळी किंवा तांदळाची भाकरी, भाजी, आमटी-भात आणि आठवड्यातून एकदा कुळथाचं पिठलं. पंजाबकडच्या एका पाहुण्यांनी जाताना कुळथाचं दोन किलो पीठ बांधून नेलं होतं.

मासे हवे असतील तर सकाळीच सांगा. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोणी तुम्हाला ताजी सुरमई म्हणून काही खाऊ घातलं, तर ती बर्फातली समजा. तेव्हा आम्ही खाडीतलं जे मिळेल ते आणतो, नाही मिळालं तर सुक्या बोंबलाची चटणी करतो. दोन फ्लॅट पूर्ण शाकाहारी ठेवले आहेत, भांडीसुद्धा वेगळी.

येणं-जाणं

मुंबईहून मांडवी, कोकणकन्या किंवा जनशताब्दीने चिपळूणला उतरता येतं. कोकणकन्या उजाडायच्या आधी पोचते, तेव्हा आम्ही स्टेशनवर माणूस पाठवतो. वंदे भारत चिपळूणला थांबत नाही, खेडला थांबते. लोटे खेड आणि चिपळूणच्या मधे आहे, त्यामुळे सरळ कारखान्यावर जाणार असाल तर खेडला उतरणंच सोयीचं, सामान आम्ही तिथून घेऊन येऊ. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. मुंबईला परतीचं विमान असेल तर मधे चांगला वेळ ठेवा.

पुण्याहून गाडीने येणार असाल तर उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने उतरा. वरंध घाट पावसात बरेचदा बंद ठेवतात. गूगल तोच दाखवतो म्हणून शिरू नका.

चिपळूणहून लोट्याला जायला परशुराम घाट चढावा लागतो. एरवी अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे, पण जोराच्या पावसात दरड आली की तासांचा हिशेब राहत नाही. अशा सकाळी सहा वाजताच आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर घाटाची खबर टाकतो. जाता-येता उजवी-डावीकडे सवतसड्याचा धबधबा दिसेल. थांबून बघा, पण गाडी वळणावर उभी करू नका.

ड्रायव्हरची सोय आम्ही मुद्दाम केली आहे. साहेब एसीत आणि ड्रायव्हर गाडीत काच खाली करून, डास मारत, हे आम्हाला बघवेना. तळमजल्यावर तीन खाटांची खोली आणि न्हाणीघर आहे, त्याचे पैसे नाहीत. डबा लावला तर तेवढ्याचेच.

बिल आणि कागद

बुकिंग कंपनीच्या नावावर असेल तर जीएसटी क्रमांक आधीच पाठवा. मुक्काम संपल्यावर नाव बदलून बिल मागितलं की दोन्हीकडे डोकेदुखी होते. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, त्याआधी १२ टक्के होता. आमचे सगळे फ्लॅट याच गटात येतात.

एक गोष्ट मात्र परराज्यातल्या अकाउंट्स विभागांना दर वेळी समजवावी लागते. राहण्याची जागा महाराष्ट्रात असल्याने बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि महाराष्ट्राचाच एसजीएसटी (राज्याचा) येतो, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा) येत नाही. तुमची नोंदणी फक्त गुजरातची किंवा कर्नाटकची असेल तर या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. आयजीएसटी लावून द्या म्हणून आग्रह धरलात तरी आम्हाला ते करता येणार नाही. महाराष्ट्रात कंपनीची नोंदणी असेल तर तो क्रमांक द्या.

ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं. आधार देणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालेल. परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरणं आमच्यावर बंधनकारक आहे, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो येण्याआधी पाठवलेत तर रात्री बाराला तुम्हाला जागं ठेवावं लागणार नाही.

गणपती आणि शिमगा

या दोन वेळी कोकणात कुणी कुणाचं नोकर नसतं. गणपतीत पहिले पाच दिवस आणि शिमग्यात पालखी घरी येते तो दिवस, आमच्या साफसफाईच्या ताई येत नाहीत. केर तुम्ही काढा, चादरी आम्ही बदलू. रेल्वेची तिकिटंही तेव्हा चाकरमान्यांनी महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात, म्हणून ऑडिट त्या आठवड्यात लावू नका असं तुमच्या ऑफिसला आमच्या वतीने सांगा. आलातच, तर आमच्या घरी आरतीला या. मोदक असतात.

बुकिंग करताना

पाहुण्यांची नावं, तारखा, कंपनीचा जीएसटी क्रमांक, शाकाहारी की नाही, ड्रायव्हर सोबत आहे का, एवढं पाठवा. आणि शिफ्टची वेळ नक्की लिहा. पहाटे पाचला निघणार असाल आणि डबा हवा असेल, तर काकूंना साडेतीनला उठावं लागतं. त्या उठतात, पण त्यांना आदल्या रात्री नऊपर्यंत कळलं पाहिजे.