व्होल्टी कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल: दोन्ही पॅकेटमधूनच, तरी वेगळे

मोबाइल डेटा बंद करून कुणाला साधा फोन लावा. तो लागतो, व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही. म्हणून साध्या कॉलचा डेटाशी संबंध नाही, असं आपण धरून चालतो. फोर-जीवर ते खरं नाही: फोर-जीवरून जाणारा साधा कॉल, म्हणजे व्होल्टी, हाही डेटासारखा पॅकेटमधून, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांतून जातो.

टू-जीवर मात्र खरं होतं. जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका कॅरियरचे, म्हणजे रेडिओ पट्ट्याचे, ८ टाइमस्लॉट (वेळेचे वाटे) असतात. कॉल जोडला की त्यातली जागा तुमच्या नावावर, तुम्ही गप्प बसलात तरी. हे सर्किट स्विचिंग. एलटीईमध्ये, म्हणजे फोर-जीत, ही सोयच नाही. सगळं पॅकेटमधून जातं. त्यामुळे व्होल्टी नसलेला फोर-जी फोन कॉलपुरता टू-जी किंवा थ्री-जीवर उतरतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तेव्हा तिच्याकडे उतरायला ही जुनी जाळीच नव्हती, म्हणून व्होल्टी पहिल्या दिवसापासून लागली.

मग डेटा बंद असताना व्होल्टी चालते कशी? फोन तिच्यासाठी ‘आयएमएस’ नावाची स्वतंत्र जोडणी ठेवतो आणि सेटिंगमधलं बटण फक्त इंटरनेटची जोडणी तोडतं. कॉल लागला की नेटवर्क आवाजासाठी खास बेअरर, म्हणजे पॅकेट वाहून नेणारी वेगळी वाट, उघडतं. त्यात ठरावीक वेग राखीव असतो आणि विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद. शंभरातलं एखादं पॅकेट हरवलं तरी चालतं, उशीर चालत नाही. इंटरनेटच्या नेहमीच्या बेअररचा हिशेब उलटा: ३०० मिलिसेकंद लागले तरी चालतील, पण पॅकेट हरवण्याचं प्रमाण दहा लाखांत एक. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज इथेच, इतरांच्या व्हिडिओ आणि डाउनलोडच्या गर्दीत असतो. विसर्जन मिरवणुकीत तो तुटतो तो यामुळे.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. व्होल्टीत २० मिलिसेकंदांचा आवाज सेकंदाला १२.६५ किलोबिट वेगाने भरला तर जेमतेम ३२ बाइट होतो. त्यावरचा पत्ता वगैरे मजकूर आयपीव्ही-६ या इंटरनेट पत्त्यांच्या पद्धतीत ६० बाइट, म्हणजे मालाच्या जवळपास दुप्पट! व्होल्टीच्या बेअररवर तो दाबून काही बाइटांवर आणता येतो.

खासगीपणात मात्र व्हॉट्सअ‍ॅप सरस. २०१६ पासून त्याचे कॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध आहेत. परदेशातल्या मुलांशी बोलायलाही तेच परवडतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. घरातल्या वयस्कर मंडळींना हे आवर्जून सांगा: अडचणीत नेहमीचा डायलर उघडायचा, आणि नेट पॅक संपला म्हणून तो कॉल अडत नाही.

घरात रेंज नसेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करा. तेही आयएमएसवरच चालतं, तुमच्या नेहमीच्या नंबरवरून. फक्त वाय-फायच्या टप्प्यावर त्या राखीव वेगाची हमी नसते.