नॅनो-उत्प्रेरकाने बायोडिझेल (करंज व मोह)

करंज, मोह, कडुनिंब, मोगली एरंड यांच्या बियांचे तेल मिथेनॉलबरोबर तापवून डिझेलमध्ये मिसळण्याजोगे इंधन करताना नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) मापाचे घन कण उत्प्रेरक, म्हणजे क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, म्हणून वापरण्याची पद्धत. नागपूरला तेलाचे शास्त्र नवे नाही. येथील लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९४२) त्यासाठीच नावाजलेली. करंज शहरात रस्त्याकडेला उभा असतो, मोह गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात.

या तेलांना सरसकट ‘अखाद्य’ म्हणतात, ते तितकेसे खरे नाही. करंजतेल कडू, दिव्यात घालायचे. पण टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल गडचिरोलीकडील आदिवासी घरांत स्वयंपाकाला वापरतात.

तेलाच्या एका रेणूवर मिथेनॉलचे तीन रेणू खर्ची पडून मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, आणि ग्लिसरीन तयार होते. १०० किलो तेलामागे ग्लिसरीन साधारण १० किलो. नेहमीचा उत्प्रेरक कॉस्टिक सोडा. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तो तासाभरात काम उरकतो, मात्र तो द्रवात विरघळलेला असतो, म्हणून इंधन पाण्याने पुन्हापुन्हा धुवावे लागते. घन कण गाळून परत वापरता येतात. या पद्धतीची खरी कमाई वेगापेक्षा इथे आहे. अशा घन उत्प्रेरकांपैकी कॅल्शियम ऑक्साइड तर अंड्यांची टरफले ८००–९०० अंशांवर भाजूनही मिळते. कण १०० नॅनोमीटरवरून १० वर आणला की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ दहापट होते. मात्र इतके बारीक कण गाळणीतून निसटतात. त्यावर तोड म्हणून लोह-ऑक्साइडच्या गाभ्याचे कण करतात. भांड्याला बाहेरून चुंबक लावला की काळा गाळ एका कडेला चिकटतो आणि तेल ओतून घेता येते.

उघड्यावर ठेवलेले कॅल्शियम ऑक्साइड हवेतला ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावते. शिवाय दर खेपेला थोडे कॅल्शियम इंधनात उतरते.

मोठी अडचण मात्र बियांतच असते. टोळी गळते ती ऐन पावसाच्या तोंडावर. ओली राहिली की तेल फुटून मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलाच्या रेणूतून सुटी झालेली आम्ले, वाढतात. मोहाच्या तेलात ती २० टक्क्यांच्या आसपासही आढळतात. दोन टक्क्यांपुढे कॅल्शियम ऑक्साइडसारखा अल्कधर्मी उत्प्रेरक, नॅनो असला तरी, साबणच जास्त करतो. त्यामुळे आधी सल्फ्युरिक आम्ल व मिथेनॉलने तेल सुधारून घ्यावे लागते.

मोहाच्या तेलात थंडीत लवकर गोठणारी संपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. नागपूरच्या जानेवारीत पारा दहाखाली गेला की त्याचे बायोडिझेल पांढुरके होऊन फिल्टर तुंबवते, मग उत्प्रेरक कोणताही वापरलेला असो.