कबूतर, पाळीव (कोकण)

पारवा (शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया) या रानपक्ष्याचे माणसाळलेले रूप. ‘पारवा’ हा शब्द संस्कृत ‘पारावत’वरून आला, ‘कबूतर’ फार्सीतून. मालवणीत ‘पारवो’. पाळीव कबुतरांच्या घरास ढाबळ म्हणतात.

उगम : लक्का, लोटन, शिराजी असे भिन्न दिसणारे प्रकार अनेक रानजातींपासून निघाले असावेत, असे पूर्वी पुष्कळ पक्षिपालक मानीत. डार्विनने (१८५९) ते सर्व एकट्या पारव्याचे वंशज ठरवले. त्यासाठी त्याला मद्रास इलाख्यातील अधिकारी वॉल्टर एलियट यांनी भारतातून कबुतरांची कातडी पाठवली होती. निरनिराळ्या प्रकारांचा संकर केला की पंखांवर दोन काळे पट्टे असलेली निळसर राखी पिल्ले पुन्हा निपजतात, हा त्याचा मुख्य पुरावा. हेच मत आज ग्राह्य आहे. युरोपीय पारव्याची कंबर बहुधा पांढरी, भारतीयाची राखी असते. जंजिऱ्याच्या तटातून पंख फडफडवीत बाहेर पडणारा पारवा पाठीकडून पाहिला तर हे सहज ध्यानात येते. अर्थात किल्ल्यांवरचे थवे निखळ रानटी असतीलच असे नाही. ढाबळीतून सुटलेली कबुतरे त्यांत मिसळतात.

प्राचीन उल्लेख : अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांत ‘सेतकपोत’ (पांढरा कपोत, म्हणजे कबूतर) व ‘गामकपोत’ (गावातला कपोत) येतात. गामकपोत म्हणजे पाळलेले कबूतर, की वस्तीत घरटे करणारा पारवा? दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. पहिला अर्थ मात्र सेतकपोताला लागू पडावा, कारण तसा रंग रानात क्वचितच टिकतो. (कोकणात सोपाऱ्यास मिळालेले अशोकाच्या लेखांचे तुकडे आठव्या व नवव्या शिलालेखांचे आहेत, त्यांत हा उल्लेख नाही.)

प्रकार व उपयोग : ‘आईन-इ-अकबरी’नुसार अकबराकडे वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, त्यांपैकी सुमारे ५०० खासा (निवडक, उत्तम). लक्क्याच्या शेपटीत ३० ते ४० पिसे असतात, पारव्याच्या १२. लोटन हलकेच हलवून जमिनीवर सोडला की कोलांट्या घेत राहतो; उचलून तोंडावर फुंकर घातल्यावर थांबतो. गिरेबाज उंच उडण्यासाठी पाळतात. निरोप्या कबुतरांचे दल ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून बाळगले. पारव्याचे रक्त अर्धांगवायूवर चोळण्याच्या गावठी उपायास वैद्यकीय आधार नाही.

दादरच्या कबूतरखान्यातील (तो २०२५ मध्ये बंद करण्यात आला) पक्षी पाळीव नव्हते, मोकाट होते.